बेल्ट कन्व्हेयरने काँक्रीट टाकलं तर सेग्रिगेशन होतं का? राफ्टच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. चाकणकडे एका कारखान्यात मशीन फाउंडेशनचा राफ्ट (पायाची सलग जाड स्लॅब) आहे, २० बाय १५ मीटर, जाडी ६०० मिमी, म्हणजे १८० घनमीटर माल. खड्डा साडेतीन मीटर खोल, टीएम (ट्रान्झिट मिक्सर, काँक्रीटच्या गाड्या) फक्त २० मीटरच्या एका बाजूला उभे राहू शकतात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पंप नको, बेल्ट आणतो, बारा मीटरचा आहे. पीएमसीवाले (मालकाचे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट) म्हणतात बेल्टवर खडी आणि मॉर्टर वेगळं होतं, म्हणजे सेग्रिगेशन, आम्ही परवानगी देणार नाही. आणि साईट इंजिनिअर बिचारा मधल्यामधे अडकलाय, त्याने विचारलंय की खरं कोणाचं.

दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे. माझं आयुष्य धरणं, कालवे आणि नंतर इंडस्ट्रियल फाउंडेशन यात गेलंय, त्यामुळे बेल्ट भरपूर बघितलेत, चांगले चाललेले आणि वाट लागलेले पण. सरळ सांगतो, माल बेल्टवर बिघडत नाही, तो बिघडतो बेल्टच्या दोन टोकांना, म्हणजे जिथे चढतो तिथे थोडा आणि जिथे पडतो तिथे जास्त. मधल्या बारा मीटरची काळजी लोक उगाच करतात. बेल्टचा स्पीड साधारण २ मीटर सेकंदाला धरा, १२ मीटर जायला ६ सेकंद लागतात, सहा सेकंदात काँक्रीटला काय होणार आहे? टीएम गेटवर चलन सही करायला अर्धा तास उभा असतो त्याचं कोणी काही बोलत नाही.

आधी हे डोक्यातून काढा की बेल्ट म्हणजे काहीतरी गावठी जुगाड आहे. चीनमध्ये थ्री गॉर्जेस धरणावर २००० साली एका वर्षात ५४.८ लाख घनमीटर काँक्रीट पडलं, तो जागतिक विक्रम होता, आणि त्यातला मोठा वाटा टॉवर बेल्टचा होता, म्हणजे बॅचिंग प्लांटपासून लांबलचक बेल्टची साखळी आणि शेवटी टॉवर क्रेनला टांगलेला फिरता बेल्ट. तिथे १५० मिमीपर्यंतची खडी होती, ती कुठल्या पंपातून जाणार? अमेरिकेत ट्रकवर बसवलेले टेलिस्कोपिक बेल्ट मिळतात, तीस मीटरच्या पुढे पोहोचतात, राफ्ट आणि पुलाच्या फाउंडेशनला सर्रास वापरतात, आणि अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटचं फक्त या विषयावरचं वेगळं मार्गदर्शन आहे, एसीआय ३०४.४आर. तुमच्या पीएमसीला पटवायचं असेल तर ते पुढे ठेवा, नुसतं "आमचा अनुभव आहे" म्हणून चालत नाही त्या लोकांपुढे. रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीट (रोलरने दाबून बसवायचं) तर जवळजवळ शून्य स्लम्पचं असतं (स्लम्प म्हणजे साचा काढल्यावर माल किती मिमी खाली बसतो ते, जास्त म्हणजे पातळ), आपल्याकडे घाटघरला त्याची देशातली पहिली धरणं झाली, असला माल पंपातून जातच नाही, तिथे डंपर किंवा बेल्ट एवढेच पर्याय उरतात. कालव्याच्या अस्तराचं पेव्हर मशीन बघितलं असेल तर त्याच्या अंगावरच बेल्ट असतो, उतारावर माल पसरत जातो. काँक्रीट रोडवर जिथे डॉवेल बारचे (स्लॅबचे सांधे जोडणाऱ्या सळयांचे) पिंजरे आधीच मांडलेले असतात, किंवा खालचं १२५ मायक्रॉनचं प्लास्टिक टायरखाली फाटू द्यायचं नसतं, तिथे टिपर पेव्हरच्या पुढे जाऊ शकत नाही, मग बाजूने बेल्टने माल देतात.

आता तुमच्या कामाकडे. पहिली गोष्ट मालाची, कारण इथेच नव्वद टक्के साईट चुकतात. आरएमसी (रेडी मिक्स काँक्रीट) प्लांटला फोन केला की तो सवयीने पंपाचा माल पाठवतो, स्लम्प १२०-१५०, बारीक जास्त, अ‍ॅडमिक्श्चर जास्त. हा माल बेल्टवर घातला की चढावर मागे घसरतो, कडेने गळतो, सगळं स्लरी स्लरी होतं, आणि मग सगळे म्हणतात बघा बेल्टवर सेग्रिगेशन झालं. अहो माल चुकीचा मागवला. बेल्टला साईटवर ५० ते ८० मिमी स्लम्पचा माल छान चालतो, कणकेसारखा एकसंध बसतो बेल्टवर आणि तसाच पुढे जातो. ऑर्डर देतानाच नॉन-पंपेबल मिक्स, साईटला इतका स्लम्प, असं लेखी द्या. आणि तुमच्या राफ्टचं स्टील किती दाट आहे ते बघा, मशीन फाउंडेशन आहे म्हणजे वरची खालची दोन्ही जाळी असणार, बोल्टचे पॉकेट असणार. आयएस ४५६ मध्ये (काँक्रीटचा भारतीय कोड) जास्त स्टीलच्या सेक्शनला ५० ते १०० स्लम्प दिलाय, म्हणजे बेल्टला हवा तो आणि कोडला हवा तो यात भांडण नाही. फक्त नीडल (व्हायब्रेटरच्या) जास्त लागतील, ६० मिमीच्या दोन आणि पॉकेटच्या आसपास ४० ची एक, शिवाय एक स्पेअर. पंपाच्या मालाची सवय झालेली गँग नीडल नुसती बुडवून काढते, ७० स्लम्पच्या मालात ते चालत नाही, त्यांना आधी सांगून ठेवा.

फायदा काय तर त्याच ग्रेडला पाणी कमी, त्यामुळे सिमेंट कमी, त्यामुळे हायड्रेशनची उष्णता कमी आणि श्रिंकेजच्या भेगा कमी. ६०० जाडीला उष्णतेचा फार बाऊ नको पण दीड-दोन मीटरचा राफ्ट असेल तर हा फायदा मोठा आहे. पंपाला सुरुवातीला जी सिमेंटची स्लरी लावावी लागते लाईन ओली करायला आणि जी नंतर गुपचूप राफ्टच्या कोपऱ्यात ओतली जाते, ती भानगड नाही. लाईन चोकअप नाही, पाईप खोलून हाणाहाणी नाही. पॉवरचं गणित तर करून बघाच. ताशी ६० घनमीटर म्हणजे १४४ टन, म्हणजे सेकंदाला ४० किलो, हे ५ मीटर वर उचलायला २ किलोवॅट लागतात, घर्षण वगैरे सगळं धरून ७.५ एचपीची मोटर भागवते. पंपाचं डिझेल इंजिन याच्या कितीतरी पट मोठं असतं कारण त्याला माल पाईपला घासत घासत दाबून न्यायचा असतो.

आता टोकं. चढण्याचं टोक आधी. टीएमची शूट (माल उतरायची पन्हळ) थेट बेल्टवर सोडायची नाही. मधे हॉपर (मोठं नरसाळं) पाहिजे, त्याला खाली गेट पाहिजे, आणि हॉपरमध्ये थोडा माल कायम शिल्लक पाहिजे म्हणजे पुढचा माल मालावर पडतो, रबरावर नाही. शूटमधून माल कधी धो धो येतो कधी थांबतो, हॉपर ते एकसारखं करतो. बेल्टवर मालाची पट्टी सलग आणि एका जाडीची पाहिजे, तुटक ढीग ढीग येत असतील तर खडी ढिगावरून गडगडते आणि कडेला गोळा होते. हॉपरखाली रोलर जवळ जवळ हवेत. बाकी लांबीतही रोलरमधलं अंतर फार ठेवलं आणि बेल्ट ढिला असला की प्रत्येक रोलरवर माल उडी मारतो, बारीक खाली बसतं आणि खडी वर येते, मधल्या लांबीत सेग्रिगेशन होण्याचं म्हणाल तर हे एक कारण आहे. म्हणून बेल्ट ताणलेला आहे का बघायचं, टेल पुलीच्या (चढण्याच्या टोकाची पुली) दोन्ही बाजूंचे टेन्शन बोल्ट सारखे आवळलेत का बघायचं, नाहीतर बेल्ट एका बाजूला पळतो आणि फ्रेमला घासून कड फाटते.

उतरण्याचं टोक, इथे खरी मजा आहे. हेड पुलीवरून (या टोकाची पुली) माल सुटतो तेव्हा खडी जड आणि वेगात, ती पुढे फेकली जाते, मॉर्टर मात्र रबराला चिकटून पुलीला वळसा घालून खाली मागे येतं. एकाच जागी उभं राहून बघितलं तर पुढच्या कडेला कोरडी खडी आणि मागे पुलीखाली नुसती स्लरी, असे दोन ढीग दिसतात. पीएमसीवाल्यांनी बहुतेक हेच कुठेतरी बघितलंय आणि ते बरोबर आहे. एका कालव्याच्या कामावर मी हे अगदी नीट बघितलंय, स्क्रॅपरचं (बेल्ट खरवडणारं पातं) रबर झिजून गेलेलं, कोणी बदललं नाही, आणि परतीच्या (रिकामा बेल्ट ज्यावरून मागे येतो त्या) प्रत्येक रोलरखाली जमिनीवर स्लरीचा एक एक सुळका उभा, ओळीने, जितके रोलर तितके सुळके. वर त्या रोलरवर सुकलेल्या मॉर्टरचे थर, रोलर गोल राहिलेच नव्हते, बेल्ट थरथरत होता. ते सगळं मॉर्टर कुठून आलं? पॅनेलमधून गेलं. पुढे अस्तराच्या पृष्ठभागावर खडीच्या पट्ट्या दिसल्या तेव्हा सगळे प्लांटवाल्याला शिव्या देत होते की तुझं सँड कमी आहे. प्लांटचं काही चुकलेलं नव्हतं.

याला इलाज दोन आणि दोन्ही एकाच वेळी लागतात. एक, हेड पुलीच्या खालच्या अंगाला स्क्रॅपर, शक्यतो दोन पाती एकामागे एक, युरेथेन किंवा कडक रबर, स्प्रिंगने किंवा काउंटरवेटने दाबलेली, म्हणजे झिजली तरी चिकटून राहतात. नटबोल्टने फिक्स केलेलं पातं पहिल्या तासात झिजतं आणि मग फट पडते. खरवडलेलं मॉर्टर त्याच मालात पडलं पाहिजे, बाहेर नाही, म्हणून स्क्रॅपर हुडच्या (पुलीवरच्या झाकणाच्या) आत येतो. दोन, हेड पुलीच्या पुढे हुड आणि त्याच्या खाली उभा पाईप, किमान ६०० मिमी सरळ उभा, म्हणजे पुढे उडालेली खडी आणि मागे आलेलं मॉर्टर परत एकत्र येऊन सरळ खाली पडतं. बरेच जण पुढे नुसता एक पत्रा लावतात आडवा, त्याने काय होतं, खडी पत्र्याला आपटून मागे पडते, म्हणजे सेग्रिगेशन थांबत नाही, फक्त बाजू बदलते. पत्रा बघून "लावलंय ना साहेब" म्हणतील, ऐकू नका, उभा पाईप मागा.

तुमच्याकडे खड्डा साडेतीन मीटर, बेल्ट जमिनीपासून मीटरभर वर, म्हणजे साडेचार मीटर उंचीवरून माल पडणार. आयएस ४५६ मध्ये १.५ मीटरपेक्षा जास्त फ्री फॉल नको म्हणून सांगितलंय. तेव्हा हुडखाली रबरी किंवा कॅनव्हासची लवचिक नळी, ज्याला साईटवर एलिफंट ट्रंक म्हणतात, ती खाली जाळीच्या जवळ, साधारण मीटरभर अंतरापर्यंत न्यायची. नळी सरळ लोंबकळली पाहिजे. लेबर ती ओढून तिरकी धरतात, लांब पोहोचावं म्हणून, मग माल तिरका फेकला जातो आणि पुन्हा तेच. नळीचं तोंड हलवायचं नाही, बेल्ट हलवायचा.

आणि इथेच तुमच्या कॉन्ट्रॅक्टरचं गणित बसत नाही. भरलेला सहा घनमीटरचा टीएम २५ टनांच्या आसपास जातो. साडेतीन मीटर खोल खड्ड्याच्या काठावर, मुरूम असो की काळी माती, तो काठापासून निदान खोलीइतका लांब ठेवायचा असा आम्ही ठोकताळा धरतो, शोअरिंग (काठाच्या मातीला आधार) असेल आणि डिझाइनरने लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे टीएम साडेतीन मीटर मागे. बारा मीटरच्या बेल्टमधला एक मीटर हॉपरखाली गेला, साडेतीन काठापर्यंत गेले, खड्ड्यावर उरले साडेसात. राफ्ट १५ मीटर रुंद. पलीकडचा अर्धा भाग कसा भरणार? कॉन्ट्रॅक्टर म्हणेल ढीग मारू आणि नीडलने ढकलू. अजिबात नाही. नीडल माल दाबायला असते, वाहून न्यायला नाही, नीडलने सात मीटर ढकलला तर पुढे फक्त पेस्ट जाते आणि खडी मागे राहते, बेल्टने जे नाही बिघडवलं ते तुम्ही नीडलने बिघडवाल. साधं उत्तर म्हणजे दोन बेल्ट एकापुढे एक. पहिला काठावरून, दुसरा त्याच्या पुढे, हॉपरसकट, शक्यतो आडवा फिरणारा. पलीकडची कड आधी भरायची आणि टीएमच्या बाजूला मागे मागे यायचं, अर्ध्यात आलं की दुसरा बेल्ट काढून घ्यायचा आणि एकट्यावर उरलेलं उरकायचं. लक्षात ठेवा एका बेल्टवरून दुसऱ्यावर माल पडतो ती पण एक उतरण्याची जागा आहे, तिथेही स्क्रॅपर, हुड, उभा पाईप, हॉपर हे सगळं लागतं. तिथे ते नसेल तर दुसऱ्या बेल्टच्या टोकाला कितीही चांगला हुड लावा, उपयोग नाही, वेगळा झालेला मालच त्याच्यावर चढलेला असतो.

दुसऱ्या बेल्टचे पाय खड्ड्यात कुठे टेकणार हे कास्टिंगच्या आदल्या दिवशी ठरवा. वरच्या जाळीवर टेकवायचे नाहीत, चेअर (जाळी उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळया) दबतात आणि कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) जातं. खाली पीसीसीवर (तळाचं साधं काँक्रीट) घोडी उभी करून जाळीतून पाय वर काढा, माल जवळ आला की उचलता येईल असं करा.

भरण्याची पद्धत. अख्ख्या राफ्टमध्ये ३०० चा थर फिरवला तर ९० घनमीटर होतात. तुमचा टीएमचा फेरा, गेट, ट्रॅफिक बघता ताशी ३० घनमीटर पडला तर चांगलं म्हणायचं, म्हणजे पहिल्या जागी परत यायला तीन तास. उन्हाळ्यात तोवर खालचा थर धरलेला असेल, कोल्ड जॉइंट (नवा थर जुन्याशी एकजीव न होणं) नक्की. त्याऐवजी पायऱ्या पायऱ्यांनी चला. दोन मीटरची पट्टी, २० मीटर लांब, ३०० चा थर म्हणजे १२ घनमीटर, २४ मिनिटांचं काम. पहिली पट्टी खालचा थर, मग दुसऱ्या पट्टीचा खालचा, मग परत येऊन पहिलीचा वरचा, असं सरकत जायचं, ओल्यावर ओलं पडत राहतं आणि नीडल खालच्या थरात १०० मिमी तरी घुसते. पट्टी २० मीटरच्या दिशेने म्हणजे बेल्टच्या लांबीला आडवी येते, त्यामुळे बेल्ट बाजूला सरकवावा लागतो, पट्टी बदलताना मागे. बेल्ट चाकांवर असेल आणि खाली प्लेट टाकून रस्ता केला असेल तर हे जमतं. चाकं मातीत रुतणार असतील, रोज पाऊस असेल, तर नाद सोडा आणि बूम प्लेसर (लांब हाताचा पंप) मागवा, खरंच सांगतो. बेल्ट हलवायला दर वेळी वीस मिनिटं लागायला लागली की कॉन्ट्रॅक्टर हलवायचं बंद करतो आणि ढीग सुरू होतो.

बेल्टची क्षमता किती, हा पण प्रश्न येतो. बेल्टवरच्या मालाच्या पट्टीचं क्रॉस सेक्शन गुणिले स्पीड. ०.०१ चौरस मीटर, म्हणजे समजा २०० मिमी रुंद आणि सरासरी ५० जाड एवढी बारीक पट्टी, २ मीटर सेकंदाने, ताशी ७२ घनमीटर. सहा घनमीटरचा टीएम याने पाच मिनिटात रिकामा होतो. म्हणजे बेल्ट कधीच अडथळा नसतो, अडथळा तुमचे टीएम असतात. तेव्हा बेल्ट मोठा आणा म्हणून मागे लागू नका, गाड्यांच्या मागे लागा.

चढ किती द्यायचा. ५०-८० स्लम्पला साध्या गुळगुळीत बेल्टवर २० अंशापर्यंत बिनधास्त, त्यापुढे माल मागे सरकायला लागतो. आता आपल्याकडे भाड्याने मिळणारे बरेच बेल्ट हे मुळात क्रशरवर खडी नाहीतर गोण्या चढवायचे असतात, त्यांना चेव्हरॉन बेल्ट असतो, उठावाच्या व्ही पट्ट्या असलेला. जास्त चढ घेतो म्हणून कॉन्ट्रॅक्टर खूश. पण त्या पट्ट्यांमुळे स्क्रॅपर रबराला नीट टेकतच नाही, प्रत्येक व्हीच्या कुशीत मॉर्टर बसतं आणि परत जातं. काँक्रीटला चेव्हरॉन बेल्ट आला तर गेटवरूनच परत पाठवा. तसंच जॉइंट बघा. व्हल्कनाइझ केलेला (रबर तापवून एकजीव जोडलेला) जॉइंट पाहिजे, लोखंडी क्लिप मारलेला असेल तर क्लिप स्क्रॅपरचं पातं फाडते आणि फटीतून स्लरी गळते. खालच्या दिशेने उतरता बेल्ट लावायचा मोह खड्ड्यामुळे होईल, टाळा, उतारावर ओला माल बेल्टच्या पुढे धावतो. बेल्ट आडवा ठेवा आणि उंची नळीने उतरवा.

ऊन. एप्रिल-मे मध्ये काळं रबर रिकामं फिरत असलं की चांगलंच तापतं, त्यावर मालाचा पातळ थर पडला की पाणी उडतं. बारा-वीस मीटरला फार फरक पडत नाही, पण शंभर-दोनशे मीटरच्या साखळीला वरून शेड पाहिजेच. तुमच्याकडे ग्रीन नेट टाकली आणि कास्टिंग पहाटे सुरू केलं तरी पुरे. बेल्ट गार करायला वरून पाणी मारू नका, ते मालात जातं. आणि लेबर हॉपरमध्ये पाणी मारतात "माल सुका आला" म्हणून, त्या पाईपचा वॉल्वच काढून ठेवा त्या दिवशी.

पीएमसीला पटवायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे मोजून दाखवणं. पहिल्या दोन-तीन गाड्यांचा स्लम्प टीएमच्या शूटला घ्या आणि नळीच्या तोंडाशी घ्या, क्यूबही (चाचणीचे ठोकळे) दोन्हीकडून भरा आणि वेगळे मार्क करा. १०-१५ मिमीचा फरक नेहमीचा आहे. त्यापेक्षा जास्त पडला तर स्क्रॅपर बघा, माल मधे थांबला होता का बघा. पहिल्या गाडीचे पहिले काही घमेले कोरडे वाटतात कारण सुकं रबर आणि हुड स्वतःला मॉर्टर लावून घेतात, तेवढा माल बाजूला काढा. आणि डोळ्यांनी बघायची साधी खूण, नळीखालचा ढीग चारही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. एका बाजूला खडी घरंगळत असेल तर बेल्ट थांबवा, तिथल्या तिथे.

वीज. बेल्ट चालू असताना लाईट गेली तर भरलेला बेल्ट चढावर उभा राहतो, रिव्हर्स लॉक नसेल तर मागे फिरतो आणि सगळा माल हॉपरवर येतो. डीजी सेट (डिझेल जनरेटर) जोडूनच ठेवा, चेंजओव्हर कोण मारणार ते नावानिशी ठरवा. ओलं काम, लोखंडी फ्रेम, म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बघितल्याशिवाय चालू करायचं नाही. बेल्टचं टोक उचलताना वरून ११ केव्हीची तार जाते का हे कोणीतरी मान वर करून बघा, इंडस्ट्रियल एरियात असतेच कुठेतरी.

आणि एक गोष्ट ज्यावर मी कोणाचंच ऐकत नाही. टेल पुलीला आणि परतीच्या रोलरला जाळी पाहिजे, आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण लांबीला पुल कॉर्ड पाहिजे जो ओढला की बेल्ट थांबतो. चालू बेल्टवर थापीने मॉर्टर खरवडायला लेबर जातातच, कोणी सांगितलेलं नसतं, त्यांना वाटतं आपण काम चांगलं करतोय. हातमोजा, गळ्यातला टॉवेल, शर्टाची बाही, काहीही पुलीत ओढलं की हात जातो, सेकंदाचा पण वेळ मिळत नाही. खरवडायचं असेल तर बेल्ट बंद, मेन स्विच खाली, आणि स्विचजवळ माणूस उभा. भाड्याने आलेल्या बेल्टला जाळी नव्हतीच असं सांगतील, मग वेल्डर बोलवा आणि आदल्या दिवशी बसवून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

धुणं राहिलं. शेवटची गाडी संपल्याबरोबर बेल्ट रिकामा फिरवत जेटने धुवायचा, जेवण झाल्यावर नाही. धुतलेलं पाणी राफ्टमध्ये जाणार नाही अशा बेताने टोक आधी बाहेर फिरवा. परतीच्या रोलरखाली सुरुवातीलाच ताडपत्री अंथरली असेल तर साफ करायला सोपं जातं, आणि किती मॉर्टर गळलं ते पण कळतं. फ्रेमला चिकटू नये म्हणून आधी जळकं ऑइल मारतात, फ्रेमला मारा, बेल्टच्या रबराला नको, रबर फुगतं आणि मऊ पडतं, शिवाय ते ऑइल मालात जातं.

तर कॉन्ट्रॅक्टरला विचारा की दुसरा बेल्ट आहे का, गुळगुळीत आहे का, दोन्हीला स्क्रॅपर आणि हुड आहे का. तिन्हीला हो असेल तर आदल्या दिवशी साईटवर रिकामे चालवून दाखवायला सांगा आणि पीएमसीला त्याच वेळी बोलवा. एकालाही नाही असेल तर सरळ बूम प्लेसर बुक करा. अर्धा राफ्ट बेल्टने नॉन-पंपेबल आणि अर्धा पंपाने पंपेबल असलं मात्र करू नका, एकाच राफ्टमध्ये दोन मिक्स आले की सेटिंग वेगळं, श्रिंकेज वेगळं, आणि रेकॉर्ड सांभाळताना तुमचाच जीव जाईल.